संगीतकारावरचा चित्रपट कसा पाहावा: एका मुद्रितशोधिकेची पद्धत

थोर संगीतकारावरच्या चित्रपटात एक प्रसंग ठरलेला असतो. रात्र, मेणबत्त्या, विस्कटलेले केस, बाहेर पाऊस. संगीतकार खोलीत येरझारा घालतो, कागद चुरगाळून फेकतो आणि मग त्याला एकदम सुचतं. लेखणी धावायला लागते, कुठूनसा अख्खा वाद्यवृंद सुरू होतो, आणि पुढच्याच दृश्यात लोक उभं राहून टाळ्या वाजवत असतात. अजरामर रचना मेणबत्ती विझायच्या आत तयार!

मी मुद्रितं तपासते. लेखकानं काय लिहिलं, नकलणाऱ्यानं काय वाचलं आणि छापताना काय झालं, या तीन गोष्टींमधली तफावत शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे असा चित्रपट बघताना माझी नजर नटाच्या चेहऱ्यावरून सारखी त्याच्या टेबलावरच्या कागदाकडे घसरते. कागदावर खाडाखोड आहे का? लिहिणारा एकटा आहे की शेजारी कुणी आहे? पैसे कोण देणार आहे? या प्रश्नांमधून माझी एक पद्धत तयार झाली. संगीतकाराच्या आयुष्याबद्दल चित्रपटानं थापा मारल्या तर मी फारसं मनावर घेत नाही. दोन-अडीच तासांत आयुष्य बसवायचं तर थोडं इकडचं तिकडे होणारच. पण कामाबद्दल थाप मारली तर सोडायचं नाही. रचना कशी होते, एवढं जरी चित्रपटानं खरं दाखवलं, तरी बाकीचं त्याला माफ.

पद्धत दाखवायला तीन चित्रपट घेते, तिन्ही व्हिएन्नातले: मिलोश फोरमनचा 1984 सालचा 'अमेडियस', बीबीसीनं 2003 साली केलेला 'इरॉइका', आणि अग्नियेष्का हॉलंडचा 2006 सालचा 'कॉपीइंग बीथोवन'. सर्वांत जास्त वेळ 'अमेडियस'वर घालवू, कारण त्यातला एक प्रसंग शिकण्यासारखा आहे.

आधी रचना ऐका, अख्खी नको

चित्रपट लावण्याआधी, ज्या रचनेसाठी त्यातला नायक झिजतोय ती ऐकून घ्या. 'अमेडियस'च्या बाबतीत ती मोझार्टची 'रिक्विएम' आहे, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेला दिलेलं संगीत. पूर्ण रचना पाऊण तासाच्या पुढे जाते. सगळी ऐकायला बसलात तर सवय नसलेला माणूस अर्ध्यात पेंगतो. फक्त 'कॉन्फुटाटिस' हा भाग काढा. अडीच मिनिटांच्या आसपासचा आहे. लॅटिन शब्दांचा मथितार्थ एवढाच: शापितांना ज्वाळांच्या हवाली कराल तेव्हा मला मात्र पुण्यवंतांच्या रांगेत बोलवा.

माझी मावशी ख्याल शिकलेली. तिला हा तुकडा ऐकवला तेव्हा तिनं मांडीवर ताल धरला आणि म्हणाली, "चार मात्रा आहेत सरळ, कळलं. पण अगं, हे सगळे एकाच वेळी का बोलतायत?" तिच्या प्रश्नातच उपाय आहे. आपला कान एका गळ्यामागे जायला सरावलेला असतो, आणि इथं पाच-सहा ओळी एकदम चालतात. सगळ्या पकडायला गेलात की एकही हाती लागत नाही. म्हणून पहिल्यांदा फक्त पुरुषांचे आवाज ऐका: खालच्या पट्टीतले बास सुरू करतात, पाठोपाठ वरच्या पट्टीतले टेनर त्यांच्यावर चढून येतात. दुसऱ्यांदा आवाज सोडून द्या आणि खाली तंतुवाद्यं काय करतायत ते ऐका. सगळी मिळून एकच आकृती दात-ओठ खाऊन उगाळत असतात, ती आग. तिसऱ्यांदा बायकांचे आवाज कुठं येतात त्याची वाट बघा. ते येताच खालची धुमश्चक्री थांबते आणि एकदम हळू, जवळजवळ विनवणीच्या सुरात गाणं वर उचललं जातं. आग आणि विनवणी, पुन्हा आग आणि पुन्हा विनवणी. एवढं ओळखता आलं की तुमची तयारी झाली.

स्वरलिपी वाचता येत असेल तर आयएमएसएलपी या संकेतस्थळावर ती फुकट मिळते. वाचता येत नसली तरी एक पान उघडून बघाच. एका खाली एक किती ओळी असतात, हे डोळ्यांनी बघितलेलं पुढे उपयोगी पडेल.

पहिल्यांदा बघताना काहीही तपासू नका

'अमेडियस'च्या दोन आवृत्त्या आहेत. मूळ चित्रपटगृहातली साधारण 160 मिनिटांची, आणि 2002 साली आलेली दिग्दर्शकाची, तिच्यात वीसेक मिनिटं जास्त. पहिल्यांदा मूळच बघा. ती जास्त बांधेसूद आहे, आणि वाढवलेल्या भागामुळे सालिएरीबद्दलची, म्हणजे मोझार्टचा हेवा करणाऱ्या संगीतकाराबद्दलची, आपली सहानुभूती उगाच पातळ होते.

फोन दुसऱ्या खोलीत. "हे खरंच असं झालं होतं का?" हा प्रश्न डोक्यात आला की गिळून टाका. शेजारी बसलेल्यानं विचारला तर त्यालाही गप्प करा. पहिल्या वेळी चित्रपटाला त्याची गोष्ट सांगू द्यावी. मुद्रितातसुद्धा पहिलं वाचन अर्थासाठीच करायचं असतं, लाल पेन नंतर.

दुसऱ्यांदा: श्रुतलेखनाचा प्रसंग

आता चित्रपटाच्या शेवटाकडे या. मोझार्ट अंथरुणाला खिळलाय, हातात लेखणी धरून लिहवत नाही. सालिएरी पलंगाच्या पायथ्याशी कागद घेऊन बसतो. मोझार्ट सांगणार, सालिएरी लिहिणार. आणि सांगायचंय ते नेमकं 'कॉन्फुटाटिस'.

आता मात्र थांबवत थांबवत बघा. आधी मोझार्ट विचारतो, मागचा भाग एफ मेजर या पट्टीत संपला ना? उत्तर मिळतं, हो. खरंच, आधीचा 'रेकोर्डारे' हा भाग एफ मेजरमध्येच संपतो, आणि पुढचा ए मायनरमध्ये सुरू होतो. पटकथेनं इथंच आपला भरवसा कमावला. मग तो बासच्या आवाजांपासून सुरुवात करतो. कितव्या मात्रेला उचलायचं, कुठला स्वर, हे सांगतो. मग टेनर. मग कुठलं वाद्य कुठल्या आवाजाला साथ करणार: बासून आणि ट्रॉम्बोन ही फुंकून वाजवायची वाद्यं गायकांच्या ओळींना चिकटून जाणार. प्रत्येक ओळ तो गुणगुणतो तेव्हा आपल्याला तेवढीच ओळ ऐकू येते, बाकी काही नाही. सालिएरी घायकुतीला येऊन म्हणतो, फार घाई होतेय. ट्रम्पेट आणि टिंपनी (मोठे नगारे) यांच्यापाशी तर तो अडतोच, त्याला समजत नाही. आणि समजल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघायला हा एकच प्रसंग पुन्हा पुन्हा लावावा. शेवटी तंतुवाद्यांची ती उगाळणारी आकृती येते आणि सगळ्या ओळी एकदम वाजतात.

तुम्ही आधी ओळी सुट्या करून ऐकल्या होत्यात. चित्रपट तेच उलट्या दिशेनं करतो, सुट्या ओळींची रचना आपल्यासमोर बांधतो. संगीतकाराचं काम पडद्यावर याहून स्पष्ट दाखवलेलं मला माहीत नाही. इथं वीज चमकत नाही आणि देव कानात कुजबुजत नाही. एक दमलेला माणूस सांगतोय, दुसरा मागे पडतोय, आणि "हे याच्याबरोबर, ते त्याच्याबरोबर" असं चाललंय. कुणाला तोंडी मजकूर सांगितला असेल किंवा उतरवून घेतला असेल, तर त्यातली चिडचिड तुम्हाला चांगलीच ओळखीची वाटेल.

खोलीत खरं कोण होतं, ते शोधा

आता लाल पेन काढा. हा प्रसंग घडलेलाच नाही. सालिएरी त्या खोलीत नव्हता. मोझार्ट 5 डिसेंबर 1791 ला मध्यरात्रीनंतर गेला, आणि बायको कॉन्स्टान्झ चित्रपटात दाखवलीय तशी बाहेरगावी नव्हती, घरातच होती.

पण इथं थांबलात तर अर्धवटच तपासलंत. पुढचा प्रश्न असा विचारायचा: सालिएरीच्या जागी कोण होतं? होता तो झ्युसमायर, मोझार्टच्या हाताखाली काम करणारा तरुण संगीतकार. मोझार्टची मेहुणी झोफी हिनं पुढे 1825 साली एका पत्रात त्या शेवटच्या रात्रीचं वर्णन केलंय. पांघरुणावर 'रिक्विएम'चे कागद पसरलेले, शेजारी झ्युसमायर, आणि आपण गेल्यावर हे कसं पुरं करायचं ते मोझार्ट त्याला समजावतोय. शेवटी शेवटी तो तोंडानं टिंपनीचा आवाज काढून दाखवत होता, अशी तिची आठवण आहे. 34 वर्षांनंतरची आठवण, तेव्हा जपूनच घ्यायची. पण चित्रपटातला प्रसंग हवेतून आलेला नाही, हे त्यावरून दिसतं. पात्र बदललं, प्रसंगाचा गाभा राहिला. अशी अदलाबदल दिसली की ती का केली हे बघावं. इथं कारण उघड आहे: ज्यानं आयुष्यभर हेवा केला त्याच्याच हातून ती रचना उतरवून घ्यायची, हे नाटक झ्युसमायरकडून झालं नसतं.

कागदाकडे वळू. मोझार्टच्या हातचं मूळ हस्तलिखित व्हिएन्नाच्या ऑस्ट्रियन राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि त्याची छायाचित्रं आंतरजालावर सापडतात. त्यात पहिला भाग संपूर्ण त्याच्या हातचा. पुढच्या बऱ्याच भागांत मात्र त्यानं फक्त गाण्याच्या ओळी, सर्वांत खालची बासची ओळ आणि मध्ये मध्ये व्हायोलिन वगैरेंच्या खुणा एवढंच लिहिलंय. 'लाक्रिमोसा' हा पुढचा भाग तर आठ मापांनंतर (माप म्हणजे तालाचं एक आवर्तन) तुटतो. म्हणजे 'कॉन्फुटाटिस'मधले जे ट्रॉम्बोन, ट्रम्पेट आणि टिंपनी चित्रपटातला मोझार्ट धापा टाकत सांगतो, ते मूळ कागदावर त्याच्या अक्षरात नाहीतच. नंतरच्यांनी भरले. चित्रपटातलं श्रुतलेखन खोटं, आणि तरी एका अर्थानं चोख: ते नेमक्या त्याच रिकाम्या ओळी भरतं.

आणि आता माझ्या आवडीचा पुरावा. कॉन्स्टान्झला उरलेले पैसे हवे होते. रचना अपुरी राहिली असं कळलं असतं तर आगाऊ घेतलेलेही परत द्यावे लागले असते. तिनं आधी आयब्लर नावाच्या संगीतकाराला काम दिलं, त्यानं थोडं करून सोडलं, मग झ्युसमायरनं पुरं केलं. गिऱ्हाइकाला सगळं मोझार्टचंच वाटावं म्हणून त्यानं पहिल्या पानावर मोझार्टची सही ठोकली, आणि सहीखाली साल घातलं 792, म्हणजे 1792. मोझार्ट 1791 मध्येच गेला होता! अक्षर इतकं हुबेहूब की तज्ज्ञही फसावेत, आणि घोळ झाला कुठं, तर तारखेत. आमच्या धंद्यात नेहमीचंच.

(याच हस्तलिखिताच्या एका पानाचा कोपरा 1958 साली ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात कुणीतरी फाडून नेला. तो अजून सापडलेला नाही. अशा माणसाला काय म्हणावं ते इथं लिहीत नाही.)

पैसे कोण देतंय?

संगीतकारावरच्या चित्रपटात प्रेरणेचं ऊठसूट कौतुक असतं, पैशाचं फार कमी. 'अमेडियस'मध्ये मुखवटा घातलेला माणूस येऊन 'रिक्विएम'ची मागणी करतो, ते भयानक दिसतं. प्रत्यक्षात मागणी होती फ्रान्झ फोन वाल्झेग नावाच्या उमरावाची. त्याची तरुण बायको फेब्रुवारी 1791 मध्ये वारली होती. दुसऱ्यांकडून रचना लिहून घेऊन आपल्या म्हणून वाजवायची त्याला खोड होती, म्हणून निरोप्या नाव न सांगता आला. डिसेंबर 1793 मध्ये त्यानं ही रचना स्वतःच्या नावावर वाजवलीही. हे वाचल्यावर मला वाटतं, चित्रपटानं खऱ्या गोष्टीपेक्षा साधी गोष्ट निवडली. चोरी करणारा उमराव, सही मारणारा शिष्य आणि पैशासाठी धडपडणारी विधवा. यातला एकही माणूस पूर्ण वाईट नाही.

मोझार्टकडे त्या वर्षी काम कमी होतं असंही समजू नका. सप्टेंबरात प्रागला एक ऑपेरा, त्याच महिन्याच्या अखेरीला व्हिएन्नात 'जादूची बासरी', पाठोपाठ क्लॅरिनेटसाठीची कॉन्चेर्टो, म्हणजे एक वाद्य पुढे आणि वाद्यवृंद साथीला अशी रचना. 'रिक्विएम' मागे पडत गेली ती या गर्दीत. मृत्यूचं भय वगैरे असेलही, पण हाताशी असलेली कामं संपवायची होती हे कारण मला जास्त पटतं.

सालिएरीवर मात्र अन्याय झालाय, तेवढं सांगून पुढे जाते. त्यानं मोझार्टला विष दिलं ही अफवा होती, आणि रशियन कवी पुश्किननं 1830 साली त्यावर छोटं नाटक लिहून ती पक्की केली. चित्रपटातला ब्रह्मचारी सालिएरी प्रत्यक्षात आठ मुलांचा बाप होता. बीथोवन, शूबर्ट आणि लिस्ट तिघंही त्याच्याकडे शिकले. मोझार्टनं मरण्यापूर्वी दोनेक महिने बायकोला लिहिलेल्या पत्रात आहे की आपण सालिएरीला 'जादूची बासरी' बघायला घेऊन गेलो आणि त्यानं प्रत्येक तुकड्याला दाद दिली.

रचना पूर्ण झाल्यावरची झटापट: 'इरॉइका'

दुसरा चित्रपट वेगळ्या कारणासाठी बघायचा. इथं लिहिण्याचा प्रसंग जवळजवळ नाहीच. 1804 सालचा जून, राजपुत्र लोबकोविट्झचा व्हिएन्नातला वाडा, आणि बीथोवनची तिसरी सिंफनी, म्हणजे अख्ख्या वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, वादकांसमोर पहिल्यांदाच ठेवलेली. रचना चित्रपटात पूर्ण वाजते, आणि ती वाजते तीच गोष्ट.

हा चित्रपट बघायची रीत अशी: संगीत चालू असताना कोण कुणाकडे बघतंय ते टिपा. हातानं नकललेले, शाई जेमतेम वाळलेले कागद वादकांच्या पुढ्यात आहेत आणि असलं काही त्यांनी आयुष्यात वाजवलेलं नाही. आधीच्या पिढीतल्या हायडनची सिंफनी अर्ध्या तासात आटोपायची, ही पाऊण तासाच्या वर जाते. पहिल्या भागाच्या मध्यावर सगळे एकमेकांच्या मात्रेबाहेर जातात असं वाटणाऱ्या जागा आहेत. फेर्डिनांड रीस या बीथोवनच्या तरुण शिष्यानं लिहून ठेवलंय की प्रत्यक्ष तालमीतही अशाच एका जागी वाद्यवृंद कोलमडला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं.

एक जागा तर आधीच ऐकून ठेवा. पहिल्या भागात मूळ चीज परत येण्याच्या जरा आधी, व्हायोलिनं अगदी हळू थरथरत असताना, एक हॉर्न चार मापं आधीच ती चीज वाजवतो. चुकल्यासारखंच वाटतं. रीसलाही वाटलं. तो हॉर्नवाल्यावर ओरडला, याला मोजता येत नाही का म्हणून, आणि बीथोवननं त्याच्या कानशिलात द्यायचंच काय ते बाकी ठेवलं. ती चूक नव्हती, तसंच लिहिलेलं होतं. माझ्या धंद्यात याला फार महत्त्व आहे: विचित्र दिसणारी प्रत्येक गोष्ट चूक नसते, आणि दुरुस्त करायच्या आधी लेखकाला विचारावं. चित्रपटात ही जागा आली की हॉर्नवादकाबरोबर आजूबाजूच्यांचे चेहरेही बघा.

मग लिहिण्याची झटापट कुठं गेली? ती वह्यांत आहे. या सिंफनीचे कच्चे आराखडे असलेली बीथोवनची वही पोलंडमध्ये क्राकोच्या यागिएलोनियन ग्रंथालयात आहे, आणि त्यात पहिल्या भागाचे एकामागून एक मसुदे आहेत. एक लिहिला, पसंत पडला नाही, पुन्हा लिहिला. चित्रपटात हे दाखवणं अवघड, कारण माणूस बसून खोडतोय यात बघण्यासारखं काय? म्हणून 'इरॉइका'वाल्यांनी तो भागच टाळला. मला हे प्रामाणिकपणाचं वाटतं. खोटी वीज चमकवण्यापेक्षा बरं.

नेपोलियनची गोष्ट मात्र चवीनं बघा आणि मग तपासा. नेपोलियननं सम्राटपद घेतलं हे कळल्यावर बीथोवननं संतापून सिंफनीचं, त्याचं नाव असलेलं पान फाडलं, अशी रीसची आठवण. व्हिएन्नात जी नकललेली प्रत उरलीय तिच्या मुखपृष्ठावर बोनापार्टचं नाव इतक्या जोरानं खोडलंय की कागदाला भोक पडलंय. पण त्याच पानावर खाली, बीथोवनच्याच हातानं, पेन्सिलीत पुसट लिहिलेलं आहे की ही बोनापार्टवर लिहिली. आणि ऑगस्ट 1804 मध्ये, म्हणजे सम्राटपदाची घोषणा होऊन तीन महिने झाल्यावर, तो प्रकाशकाला सांगतोय की सिंफनीचं खरं नाव बोनापार्ट! शिवाय लोबकोविट्झ सहा महिन्यांच्या हक्कासाठी 400 गुल्डन (तिथली नाणी) द्यायला तयार होता, हे रीसच्याच पत्रात आहे. म्हणजे एका मुखपृष्ठावर राग, आदर आणि व्यवहार तिन्ही.

लोकांना ती लगेच आवडली असंही नाही. एप्रिल 1805 मध्ये पहिल्यांदा जाहीरपणे वाजली तेव्हा वर गॅलरीत बसलेला एक जण म्हणे ओरडला, थांबवाल तर आणखी एक क्रॉइत्झर (किरकोळ नाणं) देतो.

बहिरेपण तपासायची सोपी खूण

तिसरा चित्रपट 'कॉपीइंग बीथोवन'. नववी सिंफनी, 1824 साल, आणि नकला करायला आलेली आना होल्त्झ नावाची तरुणी. आना काल्पनिक आहे. म्हातारा, आजारी नकलनवीस श्लेमर चित्रपटात आहे, तो खरा होता, पण 1823 मध्येच वारला होता. हे सगळं माफ.

माफ न करण्यासारखं दुसरंच आहे. 1818 पासून बीथोवनशी बोलायचं तर लोक वहीत लिहायचे. तो वाचायचा आणि तोंडानं उत्तर द्यायचा. म्हणून त्या वह्यांत बहुतेक जागी प्रश्न आहेत, उत्तरं नाहीत. अशा सव्वाशेहून जास्त वह्या टिकल्या आहेत. तेव्हा बीथोवनवरचा कुठलाही चित्रपट बघताना एवढंच बघा: समोरचा माणूस लिहितोय की नुसता मोठ्यानं बोलतोय? या चित्रपटात बोलणं फार आहे. कानाला कर्णा लावला की बीथोवनला तत्त्वज्ञानसुद्धा ऐकू येतं. कर्णे होते, मेट्रोनोम या लय मोजायच्या यंत्रासाठी ओळखल्या जाणाऱ्या मेल्त्सेलनंच ते बनवून दिले होते, पण 1824 पर्यंत त्यांचा उपयोग जवळपास संपला होता.

7 मे 1824 चा पहिला प्रयोग या चित्रपटात बराच वेळ चालतो, आणि तो थांबवू नका. आना वादकांमध्ये बसून हातानं मात्रा दाखवते, बीथोवन तिच्याकडे बघून वाद्यवृंद हाकतो. प्रत्यक्षात संचालन मिखाएल उमलाउफ करत होता. बीथोवन त्याच्या शेजारी उभा राहून लय दाखवत होता, आणि उमलाउफनं वादकांना आधीच बजावलं होतं म्हणतात, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. पूर्ण तालमी झाल्या होत्या फक्त दोन. टाळ्या ऐकू येत नाहीत म्हणून त्याला खांद्याला धरून श्रोत्यांकडे वळवलं ते कारोलिना उंगर या गायिकेनं, वय वर्षं वीस. नक्की कधी, दुसऱ्या भागानंतर की शेवटी, यावर हजर असलेल्यांचंही एकमत नाही. उमलाउफ कुठं गेला, हा प्रश्न मनात ठेवून तो प्रसंग बघितलात की चित्रपटाला एकटा नायक किती आवडतो ते लख्ख कळतं.

एका बाबतीत मात्र मी या चित्रपटाच्या बाजूनं आहे. नकलनवीसाला नायिका करण्याचं धाडस दुसऱ्या कुणी केलं? बीथोवनचं अक्षर वाचणं हा शिक्षेचाच प्रकार होता. 1825 मध्ये वोलानेक नावाच्या नकलनवीसानं वैतागून काम परत पाठवलं. सोबतच्या पत्रात त्यानं लिहिलं की हायडन आणि मोझार्ट तुमच्याकडे नकला करायला आले असते तर त्यांचीही हीच गत झाली असती. बीथोवननं त्या पत्रावर आडव्या-तिडव्या रेघा मारून ठळक अक्षरात त्याला मूर्ख, चढेल आणि गाढव ठरवलं.

म्हणून चित्रपट संपल्यावर एक काम करा. नवव्या सिंफनीची छपाईसाठी तयार केलेली नकल, बीथोवनच्या दुरुस्त्यांसह, न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संस्थेच्या संग्रहात आहे, आणि त्यांच्या संकेतस्थळावर पान न् पान मोठं करून बघता येतं. नकलनवीसांचं नेटकं अक्षर, त्यावर बीथोवनचा फराटा, आणि एके ठिकाणी नकलणाऱ्याला हासडलेली शिवी. ती पानं चाळा आणि मग आना पहिल्यांदा नकल घेऊन त्याच्यासमोर उभी राहते तो प्रसंग पुन्हा लावा. तिचा आवाज बंद ठेवलात तरी चालेल.